उन्हाळी शिबिराच्या अर्जातला एक प्रश्न बदलावा, ही विनंती

प्रति,
उन्हाळी शिबिरे घेणाऱ्या सर्व संस्था, मंडळे, क्रीडा क्लब व नाट्यगट,
तसेच महानगरपालिका व नगरपालिकांचे क्रीडा विभाग यांस

विषय : विशेष गरजा असलेल्या मुलांना नेहमीच्याच उन्हाळी शिबिरात सामावून घेण्याबाबत.

स.न.वि.वि.

होळी झाली की सोसायट्यांच्या फलकांवर आणि पालकांच्या व्हॉट्सअॅप गटांवर आपल्या शिबिरांची पत्रके दिसू लागतात. मातीकाम, चित्रकला, नाट्य, पोहणे, मल्लखांब, गडावरची सहल, असे बरेच काही त्यांत असते. वयोगट, वेळ आणि शुल्क यांच्याखाली ‘प्रवेश मर्यादित’ असा शेराही असतो. माझ्यासारखे पालक ते पत्रक वाचतात, तेव्हा त्यावर न छापलेली आणखी एक अट त्यांना वाचता येते, आणि बरेच जण ती वाचूनच फोन करण्याचे टाळतात.

माझा मुलगा दहा वर्षांचा असून तो स्वमग्न आहे, म्हणजे त्याला ऑटिझम आहे. त्याला बोललेले सगळे समजते. स्वतःचे बोलणे मात्र मोजक्या शब्दांचे आहे आणि उत्तर यायला वेळ लागतो. अचानक मोठा आवाज झाला तर तो कान झाकून घेतो, आणि ठरलेला क्रम न सांगता बदलला तर त्याची उरलेली सकाळ बिघडू शकते. पाणी, माती, झोका आणि एकावर एक रचता येईल अशी कोणतीही वस्तू त्याला मनापासून आवडते. शिबिराला फोन केल्यावर मी यांतले पहिले वाक्य उच्चारते. शेवटचे वाक्य सांगण्याची वेळ सहसा येत नाही.

मिळणारा नकार उद्धट नसतो, हे मी आवर्जून नमूद करते. आमच्याकडे प्रशिक्षित माणसे नाहीत, गर्दीत त्यालाच त्रास होईल, इतर पालकांनी तक्रार केली तर काय करायचे, आई पूर्ण वेळ सोबत बसणार असेल तर पाहू, अशी त्याची रूपे आहेत. यांपैकी शेवटची सूचना उदार वाटते, पण ती जमण्यासाठी त्या आईने नोकरीतून रजा घ्यावी लागते आणि घरातल्या दुसऱ्या मुलाची सुट्टी बाजूला ठेवावी लागते. शिवाय आई मैदानाच्या कडेला बसलेली असताना कोणत्या मुलाला शिबिरात आल्यासारखे वाटेल? मूल रुळेपर्यंत सुरुवातीला थोडा वेळ थांबणे वेगळे आणि आईलाच सवेतन नसलेली मदतनीस करणे वेगळे. पहिले कारण, म्हणजे प्रशिक्षित माणसांचा अभाव, हे मात्र मी खरे आणि प्रामाणिक मानते. हे पत्र त्या कारणाला उत्तर म्हणून लिहीत आहे.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या शहरातील एका लहान संस्थेने माझ्या मुलाला प्रवेश दिला. त्या संस्थेत एकही विशेष शिक्षक नव्हता. होत्या त्या निवृत्त मुख्याध्यापिका असलेल्या संचालिका आणि महाविद्यालयात शिकणारे काही दादा-ताई. फोनवर मी पहिले वाक्य सांगितल्यावर त्या बाईंनी विचारले, की त्याला काय आवडते आणि काय झाले की त्रास होतो. पुढचे सगळे त्या दोन प्रश्नांतून निघाले.

शिबिराच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी आम्हाला रिकामे मैदान पाहायला बोलावले. नळ कुठे, स्वच्छतागृह कुठे, दप्तर कुठे टांगायचे, हे त्याने गर्दी नसताना पाहून घेतले. त्याच्या गटाच्या ताईने एका पुठ्ठ्यावर दिवसाचा क्रम चित्रांत काढला : प्रार्थना, खेळ, डबा, मातीकाम, गोष्ट, घर. एखादी गोष्ट बदलणार असेल तर ते चित्र त्याच्यासमोर काढून दुसरे लावायचे, एवढाच नियम होता. शिट्टीऐवजी लाल फडके वर धरायचे ठरले. ध्वनिक्षेपक व्हरांड्यापासून दूर नेला गेला आणि व्हरांड्याच्या एका कोपऱ्यात सतरंजी घालून ती शांत बसण्याची जागा म्हणून जाहीर केली गेली, फक्त त्याच्यासाठी नव्हे, सर्वांसाठी. उन्हाने डोके दुखणारी, घरची आठवण येणारी, भांडण करून रुसलेली अशी पुष्कळ मुले त्या सतरंजीवर येऊन बसत असत. या तयारीचा खर्च एक पुठ्ठा, एक मार्कर आणि एक फडके इतका होता. सतरंजी संस्थेचीच होती.

लगोरीच्या डावाबद्दल मात्र सविस्तर लिहिले पाहिजे. मोठी चकती खाली आणि लहान वर अशा क्रमाने रचणे हे त्याचे घरातलेही आवडते काम. त्यामुळे लगोरी हा जणू त्याच्यासाठीच शोधलेला खेळ होता. अडचण चेंडूची होती. पाठीवर फटका बसला की तो घाबरून मैदान सोडून जाई. मुलांनी लगेच आपल्या परंपरेतला तोडगा काढला, की त्याला कच्चा लिंबू करू या. गल्लीतल्या खेळात धाकट्या भावंडांना आपण असेच घेत आलो आहोत, आणि त्यामागची भावना चांगली असते. पण ताईने मुलांना विचारले, की जो कधीच बाद होत नाही तो खेळतो आहे असे म्हणता येईल का? थोडी वादावादी झाली आणि मुलांनीच नवा नियम केला : त्या मैदानावर चेंडू फेकून मारायचा नाही, जमिनीवरून घरंगळत सोडायचा, आणि पायाला लागला तर बाद. हा नियम सर्वांना लागू होता. त्यामुळे खेळ संथ होईल ही भीती व्यर्थ ठरली. उड्या मारून चेंडू चुकवण्याची वेगळीच धमाल सुरू झाली.

माझा मुलगा त्या डावात रीतसर बाद झाला. तो चिडला, पाय आपटत सतरंजीवर जाऊन बसला आणि पुढच्या डावाला परत आला. आपल्या मुलाला इतरांसारखे बाद होऊन चिडताना पाहणे ही काही पालकांसाठी किती दुर्मीळ गोष्ट असते, याची कल्पना आपल्याला असेलच असे नाही.

सगळेच जमले असे मी म्हणणार नाही. नाट्याच्या तासाला एकदम टाळ्या वाजत, त्या त्याला सहन झाल्या नाहीत. त्या वेळेत तो आणि आणखी दोघे जण झाडांना पाणी घालू लागले आणि नाटकाचा नाद सोडून दिला. मातीकामात मात्र तो वेळ संपल्यावरही उठायला तयार नसे, आणि शर्टाच्या खिशांतून घरी आलेल्या शाडूच्या गोळ्यांनी आमच्या वॉशिंग मशीनची जाळी तुंबवली. आनंद झाला की तो दोन्ही हात जोरजोरात हलवतो आणि एक सूर लावून धरतो. सुरुवातीला मुले थांबून पाहत राहत. एकीने विचारले, की हा असे का करतो. ताई म्हणाली, त्याला मजा येते आहे म्हणून. एवढे उत्तर त्या मुलीला पुरले. मोठ्या माणसांना ते सहसा पुरत नाही.

शिबिर संपल्यावर ओळखीच्या लोकांनी मला विचारले, की त्याच्यात काही सुधारणा झाली का, तो जास्त बोलू लागला का. या प्रश्नाबद्दल आपल्याशी मोकळेपणाने बोलायला हवे, कारण आपल्यापैकी जे अशा मुलांना प्रवेश देतात तेही नंतर आपल्या अहवालात अशीच वाक्ये लिहितात. विशेष गरजा असलेल्या मुलाचा आठवडा स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी आणि विशेष शिक्षकांचे तास यांनी भरलेला असतो. ते आवश्यक आहे आणि त्या मंडळींचे ऋण मोठे आहे. परंतु तिथे मणी ओवणे बोटांच्या पकडीसाठी असते, झोका तोल सांभाळण्यासाठी असतो आणि चेंडूसुद्धा नजर व हात यांचा मेळ साधण्यासाठी असतो. त्याच्या प्रत्येक खेळामागे कोणाची तरी वही असते. शिबिरात त्याला कोणी सुधारत नव्हते. तो मातीत हात घालत होता, कारण मातीत हात घालायला छान वाटते. इतर मुलांना आपण सुट्टीत शिबिराला पाठवतो तेव्हा मजा हे कारण पुरेसे मानतो. मग याच मुलांच्या बाबतीत प्रगतीचा दाखला का मागितला जावा? आणि त्यांच्यामुळे बाकीची मुले समंजस होतात, हे म्हणणे खरे असले तरी तेही मला प्रवेशाचे कारण म्हणून नको आहे. दुसऱ्यांना धडा मिळावा म्हणून कोणतेही मूल शिबिराला जात नाही.

आता आपल्या प्रवेश अर्जाबद्दल. बहुतेक अर्जांत ‘मुलास काही आजार अथवा अपंगत्व आहे काय? होय / नाही’ असा रकाना असतो. ‘होय’ लिहिले की प्रवेश अडतो, हे पालक एकमेकांकडून ऐकत असतात. परिणामी अनेक जण ‘नाही’ लिहितात. फिट येणाऱ्या मुलाचे पालक गोळ्या नियमित चालू आहेत म्हणून गप्प राहतात आणि ते मूल जलतरणाच्या गटात इतरांसारखेच पाण्यात उतरते. म्हणजे आपण सुरक्षिततेसाठी ठेवलेला रकानाच धोका निर्माण करतो. त्याऐवजी ‘आपले मूल शिबिरात रमावे आणि सुरक्षित राहावे यासाठी आम्ही काय केले पाहिजे?’ असा प्रश्न छापावा, त्याखाली पुरेशी जागा सोडावी, आणि या उत्तरावरून प्रवेश नाकारला जाणार नाही असे त्याच पानावर लिहावे. हा प्रश्न सर्वच पालकांना विचारला जावा. शेंगदाण्याची अॅलर्जी, दम्याचा पंप, रात्री अंथरूण ओले होण्याची भीती या गोष्टीही मग वेळेवर कळतील.

मिळालेल्या उत्तराचे काय करायचे, हे प्रत्येक मुलागणिक ठरते; तरी काही गोष्टी दादा-ताईंच्या पूर्वतयारीच्या बैठकीत सांगता येतात. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेतील वरच्या मणक्यांचा सांधा सैल असतो, म्हणून कोलांटउडी, शीर्षासन किंवा पाण्यात सूर मारणे यांपूर्वी डॉक्टरांचे मत घ्यावे. बाकी नाचात आणि धावण्यात त्यांना मागे ठेवण्याचे कारण नसते. श्रवणयंत्र वापरणारे मूल पोहताना यंत्र काढून ठेवते, त्यामुळे तलावात त्याला हाका मारून उपयोग नाही. हाताच्या खुणा आधी ठरवाव्या लागतात, आणि एरवीही त्याच्याकडे तोंड करून, उजेडात उभे राहून बोलावे लागते. कमी दिसणाऱ्या मुलासाठी आत खुळखुळणारा चेंडू वापरता येतो. अंधांच्या क्रिकेटमध्ये असाच चेंडू असतो. फिट आली तर मुलाला कुशीवर वळवावे, आजूबाजूच्या टणक वस्तू हलवाव्यात, तोंडात काहीही घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवण्याचा प्रकार तर मुळीच करू नये, आणि 5 मिनिटांत फिट थांबली नाही तर 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पाण्यात अशा मुलावर लक्ष ठेवण्यासाठी एक माणूस वेगळा हवा. आणि एकाएकी पळत सुटणारे मूल गटात असेल तर फाटकाला कडी आणि फाटकाजवळ जबाबदार व्यक्ती असलीच पाहिजे. येथे मी कोणतीही सवलत मागत नाही; ही व्यवस्था नसेल तर प्रवेश देऊ नका, असेच मी म्हणेन.

चाकाच्या खुर्चीवरील मुलांबाबत एक स्वतंत्र तक्रार आहे. त्यांना बहुधा गुण मोजायला बसवले जाते. एखाद्या मुलाला गुण मोजायला आवडत असेल तर प्रश्न नाही. पण सर्व खेळांत सर्व दिवस तेच काम त्याच्याकडे येत असेल, तर तो शिबिरात नसून शिबिराच्या कार्यालयात आहे.

काही संस्था म्हणतात, की आम्ही विशेष मुलांसाठी वेगळी बॅच काढतो, दुपारची. हेतूबद्दल शंका नाही. खुणांच्या भाषेत मनसोक्त बोलता यावे म्हणून कर्णबधिर मुलांना त्यांचे असे शिबिर हवेसे वाटते, आणि ज्यांना तसे हवे त्यांना ते मिळावे. परंतु वेगळी बॅच हा पर्याय असावा, नेहमीच्या बॅचचे दार बंद करण्याचे कारण नसावे. या संदर्भात एक जुनी घटना सांगते. 1962 साली अमेरिकेतील मेरीलँड राज्यात तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्या भगिनी युनिस केनेडी श्रायव्हर यांनी बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी आपल्या घराच्या आवारात उन्हाळी शिबिर सुरू केले, कारण अशा मुलांना कोणतेही शिबिर घेत नव्हते. प्रत्येक मुलासोबत एक शाळकरी किंवा महाविद्यालयीन स्वयंसेवक असे, आणि मुले पोहत, चेंडू खेळत, घोड्यावर बसत. त्याच कामातून 1968 मध्ये शिकागो येथे पहिल्या स्पेशल ऑलिम्पिक्स, म्हणजे बौद्धिक अक्षमता असलेल्या खेळाडूंच्या स्पर्धा झाल्या. पुढे याच चळवळीने बौद्धिक अक्षमता असलेले आणि नसलेले खेळाडू एकाच संघातून खेळतील असे ‘युनिफाइड’ खेळ सुरू केले. ज्यांनी वेगळ्या मैदानापासून सुरुवात केली तेही एकत्र मैदानापर्यंत आले. आपण आज नव्याने सुरुवात करत असू तर वेगळ्या मैदानाचा टप्पा घेण्याची गरज नाही.

कायद्याचा उल्लेख मी मुद्दाम उशिरा करत आहे, कारण कायदा दाखवून मिळालेल्या प्रवेशात मूल रमत नाही. तरीही तो आपल्याला माहीत असावा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 हा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे आणि त्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत. स्वमग्नता त्यांपैकी एक. शासनाच्या अनुदानावर किंवा मान्यतेवर चालणाऱ्या शिक्षणसंस्थांनी दिव्यांग मुलांना इतरांच्या बरोबरीने खेळ आणि करमणुकीच्या संधी द्याव्यात, असे त्याचे कलम 16 सांगते. क्रीडा उपक्रमांतील सहभागासाठी स्वतंत्र कलम 30 आहे. अवाजवी भार न पडता करता येण्याजोगे आवश्यक फेरबदल नाकारणे, हाही भेदभावच असल्याचे या कायद्याच्या व्याख्येत म्हटले आहे. भारताने 1 ऑक्टोबर 2007 रोजी मान्य केलेल्या दिव्यांग हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातही मुलांच्या खेळाचा आणि विरंगुळ्याचा वेगळा उल्लेख आहे. शिट्टीऐवजी फडके दाखवणे हा अवाजवी भार आहे, असे कोणी म्हणेल असे वाटत नाही.

महापालिका व नगरपालिकांना एवढेच सांगायचे आहे. बरीच शिबिरे आपल्या मैदानांवर, तलावांवर आणि शाळांच्या इमारतींत भरतात. जागेची परवानगी देताना, विशेष गरजा असलेल्या मुलांना नकार दिला जाणार नाही, ही अट आपण घालू शकता. स्थानिक संस्थांनी दिव्यांग कल्याणासाठी राखून ठेवायचा 5 टक्के निधी आहे. उपकरणे आणि मेळावे यांच्या जोडीला त्यातून शिबिरांतील मदतनीसांचे मानधन आणि प्रत्येक मैदानावर चाकाची खुर्ची आत जाईल असे एक स्वच्छतागृह होऊ शकते. महाराष्ट्रात डिसेंबर 2022 पासून दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग आहे, आणि मुलांच्या सुट्टीचा विचार त्याच्याही कक्षेत यायला हरकत नसावी.

मदतनीसाचा खर्च खासगी संस्थांनी त्या एका पालकाकडून दुप्पट शुल्काच्या रूपाने घेऊ नये. तो सर्वांच्या शुल्कात विभागला तर प्रत्येकाच्या वाट्याला थोडाच येतो. मानसशास्त्र, समाजकार्य आणि विशेष शिक्षण शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष कामाचा अनुभव हवाच असतो. त्यांच्या महाविद्यालयांशी मार्चमध्येच बोलणे झाले तर मे महिन्यात माणसे मिळतात. एका शिबिरात अशी किती मुले घ्यावीत, याचा निर्णय आपल्या मनुष्यबळावरून आपणच करायचा आहे. मदतनीस नसताना दहा जणांना होकार देण्यापेक्षा दोघांना नीट सांभाळणे मला अधिक प्रामाणिक वाटते.

छायाचित्रांबाबत एक विनंती. पालकांची परवानगी न घेता आमच्या मुलांचे चेहरे आपल्या जाहिरातीत वापरू नयेत आणि समारोपाच्या कार्यक्रमात त्यांना वेगळे बोलावून जोरात टाळ्या वाजवण्याचे आवाहन करू नये. माझ्या मुलाच्या बाबतीत तर त्या टाळ्यांनीच तो मंचावरून पळून जाईल. त्याच्या मडक्यावर इतरांच्या मडक्यांसारखी नावाची चिठ्ठी असावी आणि ते त्याच टेबलावर मांडलेले असावे.

यंदाच्या शिबिरांचे अर्ज अजून छापून व्हायचे असतील. वर सुचवलेला प्रश्न त्यात घालण्याचे ज्या संस्था ठरवतील, त्यांच्या दादा-ताईंच्या बैठकीला येऊन बोलण्याची आमच्या पालक गटाची तयारी आहे. आमच्यात कर्णबधिर मुलांचे, सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांचे आणि फिट येणाऱ्या मुलांचे पालक आहेत. आपल्या गटात जे मूल येणार असेल त्याच्या गरजा जवळून माहीत असलेले कोणीतरी नक्की येईल. संध्याकाळी 6 नंतरची वेळ आम्हाला सोयीची पडते.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
एक पालक